रबराला दोष, पत्र्याला रोग

जुन्या गाडीच्या पुढच्या काचेखालून पाणी गळायला लागले की चांदवडच्या माणसाला आधी आश्चर्य वाटते. गंज म्हणजे मुंबईचा, फार तर इगतपुरीचा आजार. आपल्याकडे प्यायच्या पाण्याची वानवा, तिथे पत्रा कुजायला पाणी आणायचे कुठून, असा त्याचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका त्याच्याच पोटातून निघतात. एकाच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सातमाळा रांगेच्या कुशीतले चांदवड पर्जन्यछायेत येते, हे खरे. पण वर्षाकाठी किती पाणी पडले यापेक्षा पत्रा किती तास ओला राहिला, यावर गंज ठरतो. बॉनेटवर पडलेली सर ऊन आले की पाहता पाहता सुकते. तेच पाणी काचेच्या रबराखाली शिरले तर दिवसेंदिवस तिथेच मुक्काम ठोकते. शिवाय पाणी काही फक्त पावसाचेच नसते. थंडीत शेजारच्या निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकी आकड्यांत मोजला जातो. तशा रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर दव धरते आणि ओघळून नेमके खालच्या रबराच्या खोबणीत जमते. आठवड्याची धुलाई आहेच. खंडेनवमीला गाडीला हार घातला जातो, त्यातल्या झेंडूच्या पाकळ्या वायपरखालच्या जाळीत पडतात, सडतात आणि स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. कांद्याच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीत तेच काम फोलपटे करतात.

कोरडी हवा पत्र्याच्या पथ्यावर पडते, हेही अर्धेच खरे. चैत्र-वैशाखातले ऊन रबराच्या जिवावर उठते. सततची उष्णता आणि अतिनील किरणे यांनी रबर कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांतून मागे ओढले जाते. नखाने दाबून पाहिले तर खळगा पडत नाही. वाकवले तर वर बारीक भेगांची जाळी दिसते. म्हणजे आपल्याकडच्या गाडीचा क्रम असा: रबराला मारायचे उन्हाने आणि त्याचा पंचनामा करायचा जूनच्या पहिल्या पावसाने. पण पंचनाम्यात आरोपी म्हणून एकट्या रबराचे नाव लागते, आणि खरी गोची तिथे होते. नवे रबर आणले, बसवले, तरी पुढच्या पावसाळ्यात पायदान ओले ते ओलेच. मग रबर डुप्लिकेट निघाले, कारागीर कच्चा निघाला, असा बोभाटा होतो. रबर ज्याला धरून बसते ती पत्र्याची पातीच जागेवर नाही, हे बघायला कोणी काच काढत नाही.

ही पाती म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्यावे लागेल. 1964 पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि पुढे पद्मिनी म्हणून घरोघरी पोचलेली फियाट, 2014 पर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर, किंवा जुन्या जीप घ्या. यांची पुढची काच चिकटवलेली नसते, रबरात बसवलेली असते. छताचा, खांबांचा आणि डॅशबोर्डाजवळचा पत्रा जिथे एकमेकांना भेटतो, तिथे त्यांच्या कडा एकावर एक दाबून ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या असतात. या जोडकडेची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची पट्टी काचेच्या चौकटीत आत डोकावते, तीच पाती. रबराला दोन खोबणी असतात. एक पातीला कवळते, दुसरी काचेला. पाणी अडते ते या पकडीच्या दाबामुळे. पाती सरळ, गुळगुळीत आणि पुरेशा जाडीची असेल तोवर पकड राहते. पातीला गंजाचे पोपडे आले की रबर एका जागी फुगते आणि शेजारी पोकळ पडते. पाती खाल्ली गेली की रबराला धरायलाच काही उरत नाही. बाजारातले उत्तमातले उत्तम रबरही कुजलेल्या पातीवर म्हणजे खिळखिळ्या खुंटीला टांगलेली पखाल.

आता, रबराने झाकलेला पत्रा उघड्या पत्र्यापेक्षा लवकर का सडतो, हा प्रश्न रास्त आहे. झाकले की जपले, ही आपली सवयीची समजूत. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाण्याच्या एका थेंबावर हे कोडे उलगडून दाखवले. लोखंडावर ठेवलेल्या खारट पाण्याच्या थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. लोखंड झिजते ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे. कडेचा भाग वाचतो. एकाच पत्र्याच्या दोन जागांमध्ये जणू छोटी बॅटरी तयार होते आणि ऑक्सिजनची टंचाई असलेली जागा त्यात बळी जाते. काचेच्या रबराखालची फट आणि स्पॉट वेल्डिंगच्या दोन टाक्यांमधली केसाएवढी जागा, या अशाच टंचाईच्या जागा. त्यात रस्त्याची धूळ, खताच्या गोण्या वाहिल्या असतील तर पोटॅशमधले क्लोराइड, द्राक्षबागेची फवारणी करून आलेल्या वाहनात मोरचुदाचा अंश, अशी भर पडली की पाणी विजेचे आणखी चांगले वाहक होते. मोरचुदातले तांबे तर लोखंडावर चढून बसते आणि त्याच्याभोवतीच्या लोखंडाला खाते. गंजाचे आकारमानही मूळ लोखंडाच्या दुपटीपासून कितीतरी पटींपर्यंत वाढते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो पाचरीसारखा फुगतो, टाके तोडतो, आणि कधी काचेच्या कडेवर इतका दाब आणतो की कुठेही दगड न लागता खालच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. अशा तड्याचे खापर बिचाऱ्या समोरच्या डंपरवर फुटते.

हा सगळा प्रपंच एवढ्यासाठी, की गळती थांबणे आणि गंज थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणजे दुसरी झाली असे नाही, उलट पहिलीच्या नादात दुसरी बिघडते. याचे सगळ्यात ठळक उदाहरण सिलिकॉनचे. हार्डवेअरच्या दुकानातून नळी आणायची, बाहेरून रबराच्या कडेने ओढायची, बोटाने सारखी करायची, झाले. पण स्वस्त मिळणारे बरेच सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते. लावताना व्हिनेगरसारखा जो आंबूस वास येतो तो त्याचाच, आणि उघड्या लोखंडाला ते बाधते. दुसरे, सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागेवर नंतर रंग धरत नाही, बारीक खळगे पडत जातात. दुसरे सीलंटही तिथे चिकटत नाही. म्हणजे आज वाचवलेला खर्च उद्याच्या डेंटरला व्याजासह चुकवावा लागतो. तिसरे आणि महत्त्वाचे, रबराखाली साचलेल्या पाण्याची बाहेरची वाट बंद होते. यावर हमखास येणारा आक्षेप असा की सिलिकॉन लावून चार वर्षे झाली, आत थेंब आलेला नाही, मग तुमचे शास्त्र काय करायचे? थेंब डॅशबोर्डाखाली दिसला नाही एवढेच यातून सिद्ध होते. रबराच्या खोबणीतले पाणी खाली उतरण्याऐवजी खांबाच्या पोकळीत गेले, तिथून दाराच्या बिजागरीमागच्या पत्र्यात आणि पुढे उंबऱ्याच्या पेटीत, तर गाडीत बसणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. ते दिसते दार उचलून लावावे लागायला लागते तेव्हा.

अर्थात प्रत्येक ओले पायदान काचेचेच असते असे धरून चालणेही तितकेच चुकीचे. वायपरच्या दांड्याचे वॉशर, इंजिनाकडून येणाऱ्या वायरिंगचे रबरी बूच, दाराच्या आतला फाटका प्लास्टिकचा कागद, एसीची तुंबलेली नळी, यांपैकी काहीही कारण असू शकते. पाणी गोडसर वासाचे आणि किंचित बुळबुळीत असेल तर ते हीटरमधले कुलंट. वायपरखालच्या जाळीतून आत गेलेल्या पाण्याला खाली उतरायला जी भोके दिलेली असतात, ती पाल्यापाकळ्यांनी बुजली की पाणी साठून थेट आत येते. तिथे तारेने दोन मिनिटांत काम होते आणि काचेला हात लावावा लागत नाही. म्हणून तपासणी आधी. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने ती होत नाही. तेवढ्या जोराने पाणी कुठूनही शिरते आणि निष्कर्ष फसतो. साधा नळीचा मंद प्रवाह घ्यायचा, खालच्या कडेपासून सुरू करायचे, एकेका जागी काही मिनिटे थांबत वर सरकायचे, आणि एकाने आत बॅटरी घेऊन बसायचे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जाते आणि भोक वर की खाली ते कळत नाही. दुसरा मार्ग उलटा: काचा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगाने सोडायचा आणि बाहेरून रबराच्या कडेला साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे, तिथे वाट.

वाट काचेचीच निघाली तर काच काढण्यावाचून इलाज नाही, आणि नेमक्या याच पायरीवर माणूस कच खातो. काच न काढता कडेने खरवडून, गंजावरचे औषध आणि वर रेड ऑक्साइड मारून भागेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गंज-परिवर्तक म्हणून मिळणाऱ्या या औषधांत साधारणपणे फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. ते पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजाचे स्थिर काळपट थरात रूपांतर करते, एवढे त्याचे काम. गेलेला पत्रा ते परत आणत नाही, आणि पोपड्यांच्या खाली, जोडाच्या आत ते पोचतही नाही. रेड ऑक्साइडबद्दलचा भाबडेपणा याहून जुना. त्यातला लाल रंग हा मुळात लोहाचाच ऑक्साइड. तो गंजाला मारत नाही, फक्त रंगाच्या थरात भर घालतो. खाली गंज असेल तर तो आपल्याच भाऊबंदांच्या पांघरुणात सुखाने वाढतो. उघड्या स्वच्छ पोलादावर एपॉक्सी प्रायमर जी पकड देतो ती रेड ऑक्साइड देत नाही. राहिली लांबी. डेंटिंगच्या कामात खड्डा सारखा करायला ती चांगलीच, पण भोक बुजवायला नव्हे. पॉलिस्टर लांबीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती मागच्या बाजूने ओल शोषते, आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येतात. एम-सीलसारखी एपॉक्सी लुगदी पाणी अडवते, पण कडक असते. राहूडच्या घाटात वळणावर गाडीचा सांगाडा पीळ खातो तेव्हा तिच्या कडेने भेग पडते. आणि जळके ऑइल मारण्याचा जुना नुस्खा तर पातीच्या जवळपासही नको: त्यात इंजिनातले आम्ल असते, रबर त्याने फुगते आणि नंतर तिथे रंग बसत नाही.

पत्रा किती गेला हे डोळ्यांनी ठरत नाही. पोती शिवायचा दाभण घ्या आणि खालचे दोन्ही कोपरे टोचून बघा. दाभण टणकन थांबला तर वरवरचा गंज; तो तारेच्या ब्रशने आणि फ्लॅप डिस्कने चकचकीत पत्र्यापर्यंत उतरवला, खड्ड्यांतल्या काळ्या ठिपक्यांवर परिवर्तक लावला, धुऊन पूर्ण सुकवला, की प्रायमरला जागा तयार. दाभण बिस्किटात शिरावा तसा शिरला तर तो भाग कापूनच काढायचा, आणि कापायचा तो दिसणाऱ्या सडीच्या पुढे, घट्ट पत्रा लागेपर्यंत. गव्हावरचा तांबेरा पुसून जात नाही हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण गाडीच्या तांबेऱ्यावर तोच शेतकरी बिनदिक्कत रंग मारून घेतो. तुकडा लावायचा तो सुमारे 0.8 ते 0.9 मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, पातीच्या मूळ वळणाला ठोकून जुळवलेला. जीआय पत्रा गंजत नाही म्हणून तोच वापरा, असा आग्रह धरणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा जस्ताचा थर जोडापाशीच जळून जातो, म्हणजे संरक्षण हवे तिथेच उडते. वर त्या धुराने कारागिराला थंडी-ताप भरतो. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. सीओटूच्या मशिनवर बारीक तारेने एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये पत्रा निवू देत, असे काम केले तर चौकटीचा आकार टिकतो. आकार टिकवणे ही हौस नाही: चौकट दोन-तीन मिलिमीटर जरी तिरकी झाली तरी काच बसताना किंवा बसल्यावर पहिल्या खड्ड्यात तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीची अर्थ वायर काढणे आणि डॅशबोर्ड, कार्पेट, अस्तर बाजूला करणे हे न सांगता व्हायला हवे. अनेकदा होत नाही.

वेल्डिंग झाले की काम संपले, हा या यादीतला सगळ्यात महागडा गैरसमज. टाक्यांच्या मागच्या बाजूचा रंग उष्णतेने जळालेला असतो आणि ती बाजू खांबाच्या पोकळीत, नजरेआड असते. तिथे नळीने मेणयुक्त अँटी-रस्ट सोडले नाही तर नवा तुकडा जुन्यापेक्षा लवकर जाईल, कारण जुन्याला निदान कारखान्याचा प्रायमर तरी होता. पुढच्या बाजूने जोडांवर सीम सीलर, त्याखाली एपॉक्सी प्रायमर, वर रंग. आणि रंग पातीच्या कडेवरून पलीकडे वळलेला हवा, फक्त दिसणाऱ्या भागापुरता नव्हे. रबर चढवताना पाती घासली जाते, त्यामुळे रंग नीट पिकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावाच लागतो. भर पावसाळ्यात हे काम घाईने उरकले तर दमट पत्र्यावर प्रायमर बसतो आणि ओल आतच कोंडली जाते. चांदवडला दिवाळीनंतर मेपर्यंत कोरडे दिवस हात जोडून उभे असतात. कोरड्या तालुक्याचा एवढा फायदा तरी घ्यावा.

काच बसवणे मात्र ऐकून वाटते तितके अवघड नाही, जोर लावणाऱ्याला ते अवघड जाते. आधी रबर काचेभोवती चढवायचे. मग त्याच्या बाहेरच्या, पातीवर बसणाऱ्या खोबणीत चार-पाच मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवायची, टोके खाली मध्यभागी एकमेकांवरून ओलांडून गाडीच्या आत लोंबती ठेवायची. पाती आणि रबर साबणाच्या पाण्याने ओले करायचे. ग्रीस किंवा तेल नको, रबराला ते सोसत नाही. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढायची. दोरी निघते तसतसा रबराचा ओठ पातीवरून उलटून आत बसत जातो. स्क्रूड्रायव्हरने ओठ उचकटण्याचा मोह इथे आवरावा, कारण लॅमिनेटेड काचेची कड हा तिचा सर्वांत नाजूक भाग. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेल्या या काचेच्या कडेला दुधाळ पांढरट पट्टा दिसत असेल तर ओल आधीच त्या पडद्यापर्यंत पोचली आहे; अशी काच कितीही नाजूक हाताने बसवली तरी पट्टा वाढणार. पकड बसल्यावर खोबणीत भरायचे ते न सुकणारे, मऊ राहणारे विंडस्क्रीन सीलंट. रबर आणि पत्रा एकमेकांवर हलत असतात, त्यांना सिमेंट करून टाकणारा पदार्थ तिथे कामाचा नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो पैशाचा आहे. गाडीची किंमत काय आणि पत्रेकामाचा खर्च काय! गाडी नुसती शेतावर फिरवायची असेल तर हा हिशेब पटतो. पण गाडीगणिक उत्तर बदलते. जीपची काच ज्या चौकटीत असते ती बोल्टवर बसवलेली स्वतंत्र चौकट आहे. ती सडली तर वेल्डिंगचा खटाटोप करण्यापेक्षा पूर्ण चौकट बदलणे सोपे. पद्मिनी आणि अँबॅसडर यांना वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. तिथे खांबाचा पाया सडणे म्हणजे दिसण्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न. पूर्वीचा पत्रा जाड होता, त्याला काय होतेय, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की जाड पत्र्याला आरपार भोक पडायला वेळ लागतो एवढेच. गंजण्याचा वेग जाडीने घटत नाही. आजच्या गाडीचा अख्खा सांगाडा विद्युतप्रवाह सोडलेल्या प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात आणि बराचसा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो; त्या जुन्या गाड्यांच्या नशिबी हे नव्हते. उलट अलीकडच्या, काच पॉलियुरेथेनने चिकटवलेल्या गाड्यांत दुसरेच दुखणे आहे. काच बदलताना जुना गोंद कापणारी सुरी पातीवर ओरखडे पाडते, त्यांना प्रायमर न लावताच नवा गोंद ओढला जातो, आणि गंज गोंदाखालून सुरू होतो. अशा गाड्यांत काच सांगाड्याला ताठपणा देते आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिलाच टेकते. तिथे गंजलेल्या पातीवर काच चिकटवून देणाऱ्याला नाही म्हणायला शिकले पाहिजे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. आता ज्या उरल्या आहेत त्या हौसेने ठेवलेल्या, आणि 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणीही मिळते. अशा गाडीवर पातीचे काम नीट करून घेणे उधळपट्टी ठरत नाही.

काम घेताना गॅरेजवाल्याकडून दोन फोटो मात्र मागून घ्यावेत: काच काढल्यावर चकचकीत खरवडलेल्या पातीचा एक, आणि प्रायमर लावलेल्या पातीचा दुसरा. रबर चढल्यावर यातले काहीच दिसत नाही. गाडी हातात आल्यावर डॅशबोर्डाखाली दोन्ही बाजूंना कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, नळी घेऊन पुन्हा खालच्या कडेपासून वर जायचे, आणि पायदानात वाकून कागदाचा रंग बघायचा.